वाळूचा तळ आणि कळशीभर पाणी



काचेच्या पेटीत मासे पाळणे हा बंगल्यात राहणाऱ्यांचा शौक, असे मलाही बरेच दिवस वाटत होते. आपल्या दोन खोल्यांच्या घरात माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे माशांचे काय? पण आता बीड, परळी, अंबाजोगाईच्या वस्त्यांमधूनही कुठे टीव्हीशेजारी, कुठे लेकराच्या अभ्यासाच्या टेबलावर अशी पेटी दिसते. कुणी बदलीवर जाताना देऊन जातो, कुणी जुन्या बाजारातून आणतो. पेटी घरात येते, पण ती साफ कशी ठेवायची हे तिच्याबरोबर येत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांत मासे मरतात, लेकरू रडते आणि पेटी माळ्यावर जाऊन पडते. आमच्या घरात हेच झाले. ते सांगते आणि त्यातून जे शिकले तेही सांगते.

माझा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. कोयता, भांडीकुंडी, चुलीचा पत्रा गाडीत चढतो आणि पाच-सहा महिने घर आम्हा म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या हवाली होते. नातू पाचवीत आहे. त्याची शाळा बुडू नये म्हणून त्याला आम्ही ठेवून घेतले. त्याच उन्हाळ्यात मुलाने जिथे काही दिवस रंगकाम केले, तिथल्या साहेबांची बदली झाली आणि त्यांनी जाताना ही पेटी दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाला बारीक वाळू आणि आत नऊ गप्पी मासे. गाडी निघाली तेव्हा नातू आईला म्हणाला, "तू येईस्तोवर एकबी मासा मरू देणार नाही, आई." सून हसली, पण डोळे पुसतच गाडीत चढली.

दिवाळी झाली आणि काच हिरवट दिसायला लागली. वाळूवर काळपट गाळ साचला. एका रविवारी मी बाजारात गेलेली असताना नातवाने आणि त्याच्या मित्राने पेटी स्वच्छ करायची ठरवले. आपल्या घरात स्वच्छता म्हणजे स्वच्छता! त्यांनी सगळे पाणी गटारीत ओतले, वाळू परातीत काढून धुण्याच्या साबणाने चोळून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. नळ नुकताच आला होता. त्याच ताज्या पाण्याने पेटी काठोकाठ भरली आणि मासे आत सोडले. मी आले तेव्हा पेटी आरशासारखी चकाकत होती. मीही पोराची पाठ थोपटली. संध्याकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. सकाळी सात मेलेले होते. वाचले ते दोनच, कारण ते त्याने रात्री उशाशी बघायला म्हणून जुन्या पाण्याच्या बरणीत ठेवले होते.

त्या दिवशी पोर जेवले नाही. रात्री आईचा फोन आला. तिकडून तिने विचारले, "मासे कसे हायेत रं?" हा म्हणाला, "छान हायेत." फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मासे मेल्याचे मला तितके वाटले नाही, पण लेकरू आईशी पहिल्यांदा खोटे बोलले, ते फार लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन आमच्या ओळखीच्या एका विज्ञानाच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी पोराला रागावले नाही. म्हणाले, "तू आळस केला म्हणून मासे मेले नाहीत. तू जास्तच साफ केलेस म्हणून मेले."

गुरुजींनी समजावले ते असे. माशाच्या विष्ठेतून, त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. पण वाळूच्या कणांवर आणि स्पंजच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला असतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते थोड्या प्रमाणात माशाला सोसते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या शेतातल्या मातीतही हेच काम चालते. नव्या पेटीत ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या पोरांनी ती एका दुपारी साबणाने धुऊन काढली. वर साबणाचा अंश, आणि नळाच्या ताज्या पाण्यातले क्लोरीन. नगरपालिका पाण्यात जे औषध टाकते ते आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते, पण माशाचे कल्ले जाळते. दोन्ही मार एकदम बसले.

म्हणून पहिला नियम असा की पेटी कधीही पूर्ण रिकामी करून धुवायची नाही. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढायचे, तेही तळाच्या घाणीसकट, आणि तेवढेच नवे भरायचे. हे काम नळीने करायचे.

आता नळी कोणती? त्यासाठी महागडे काही आणू नका. गवंडी लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. पाच-सहा फूट पुरे. नळी नवी घ्या. रॉकेल-डिझेलला वापरलेली नको. तिच्याबरोबर एक बादली, एक जुना मग आणि एक बशी. ही सगळी भांडी फक्त पेटीसाठीच ठेवा, त्यांना साबण कधी लावू नका.

नळीने पाणी आपोआप का वाहते, हे लेकरांना जरूर समजावून सांगा. बीडजवळ खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकातली. तिचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उताराने वाहते, पंप नाही की मोट नाही. पाणी खालच्या पातळीकडे धावते, एवढेच तत्त्व. नळीत फरक इतकाच की पाणी आधी काठावरून वर चढून मग उतरते. नळी पाण्याने पूर्ण भरलेली असली आणि तिचे बाहेरचे तोंड पेटीतल्या पाण्यापेक्षा खाली असले, की बाहेरच्या लांब बाजूचे पाणी वजनाने खाली उतरते आणि मागचे पाणी त्याच्यामागे येत राहते. म्हणून पेटी टेबलावर आणि बादली जमिनीवर हवी.

बॅरलमधून रॉकेल काढताना तोंडाने ओढून घसा जाळून घेतलेली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. इथे तसे करू नका. पेटीतल्या पाण्यात रोगजंतू असतात, ते पोटात जायला नकोत. नळी सबंध पेटीत बुडवा, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्या. मग एक तोंड अंगठ्याने घट्ट दाबून बाहेर काढा, बादलीत खाली न्या आणि अंगठा सोडा. पाणी सुरू झालेच म्हणून समजा. थांबवायचे असेल तर नळी चिमटीत दाबा किंवा तोंड पेटीच्या पाण्याच्या वर उचला.

आता वाळूची गोष्ट. तळाला खडे असतील तर घाण खड्यांच्या फटीत खोल उतरते आणि नळीचे तोंड खड्यांत खुपसावे लागते. बारीक वाळूत फटी नसतात. घाण वरच्या वर राहते, जशी सारवलेल्या अंगणावर धूळ. म्हणून वाळूत नळी खुपसायची नाही. खुपसली तर वाळूच बादलीत येईल. नळीचे तोंड वाळूच्या वर एक-दीड बोट अंतरावर धरा आणि हळूहळू फिरवा. काळा गाळ हलका असतो, तो उचलला जातो. वाळू जड असते, ती खाली राहते. वाळू नळीत चढताना दिसली की नळी जरा चिमटा. ओढ कमी होते आणि वाळू परत खाली पडते. पहिल्या दोन वेळा हात चुकतो, मग जमते. बादलीत आलेली मूठभर वाळू त्याच पाण्यात खळबळून परत टाका.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी पंप आणि दिव्याची पिन काढा. ओल्या हाताने बटणाला शिवू नका. मग काचेवरचे शेवाळ स्वच्छ फडक्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडा. पाच-दहा मिनिटे थांबा म्हणजे घाण खाली बसेल. मग बोटाने किंवा काडीने वाळू वरवर हलवा, पण सगळीकडे एकदम नाही. या आठवड्यात पुढचा अर्धा भाग, पुढच्या आठवड्यात मागचा. म्हणजे जिवाणूंची अर्धी वस्ती तरी शांत राहते. मग नळी फिरवा. स्पंज फार तुंबला असेल तरच हात लावा आणि तो नळाखाली नव्हे, बादलीत काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच दोनदा दाबून काढा. शेवटी आत बशी ठेवून तिच्यावर नवे पाणी हळू ओता, म्हणजे वाळू उधळत नाही. पंप लावायला विसरू नका.

वाळूचा थर एक इंचाहून जाड ठेवू नका. आमच्या पेटीला सात किलोच्या आसपास वाळू पुरते. थर जाड झाला की खाली हवा पोचत नाही, वाळू काळी पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू. अशी जागा सापडली तर एकदम उकरू नका, दर आठवड्याला थोडी थोडी हलवा. नवी वाळू बांधकामावरून आणली तर चाळून, साबण न लावता, पाणी निवळ होईपर्यंत दहा-बारा वेळा धुवा. आपल्याकडच्या नदीच्या वाळूत चुनखडीचे कण सापडतात. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळा. फेस आला तर तिच्यात चुना आहे आणि तो पाणी जड करीत राहील. अशी वाळू नको.

आता पाण्याचा प्रश्न, आणि आपल्या जिल्ह्यात तोच मोठा. आमच्या गल्लीला नळ येतो तो आठवड्या-पंधरवड्याने. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले आहे. असल्या मुलखात माशांच्या पेटीला पाणी घालणे शोभते का? हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. पोरांनी पेटीभर पाणी गटारीत ओतलेले पाहून त्या म्हणाल्या, "आम्ही आडाच्या कडेला हंडा घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत बसायचो. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. आन तुम्ही पाणी गटारीत ओतता?" महाडचा सत्याग्रह १९२७ साली झाला, पण आमच्या खेड्यातल्या आडापर्यंत तो पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. सासूबाईंच्या बोलण्यावर कुणाकडेच उत्तर नव्हते. नातू मान खाली घालून उभा राहिला.

मग आम्ही हिशेब मांडला. पेटीत वाळूच्या वर नऊ इंच पाणी ठेवले तर ते चाळीस-बेचाळीस लिटर भरते. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे दहा लिटर, आमची एक कळशी. आठवड्याला एक कळशी. आणि ती वाया जात नाही. माशांच्या पाण्यात नायट्रेट असते, म्हणजे झाडाचे खतच. दारातल्या कढीपत्त्याला, अळूला, जास्वंदीला आम्ही तेच घालतो. झाडांना घालायचे पाणी आधी माशांकडून फिरून येते, इतकेच. पाण्यात मीठ किंवा औषध टाकले असेल तेव्हा मात्र झाडाला घालू नका. पेटी पूर्ण रिकामी करून धुतली तर चार कळश्या जातात आणि मासेही जातात. हा हिशेब ऐकून सासूबाई गप्प झाल्या. आता शनिवारी नळीचे काम झाले की कळशी त्या स्वतः अळूकडे नेववून घेतात, दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नाही.

साठवलेल्या पाण्याचा एक फायदाही आहे. तोंड उघडे असलेल्या भांड्यात नळाचे पाणी चोवीस तास ठेवले की त्यातले क्लोरीन उडून जाते. तेच पेटीला घाला. मात्र भांड्यावर पातळ फडके बांधा, नाहीतर डासांची अंडी पडतील. घाई असेल तर माशांच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, ते क्लोरीन मारतात. दुकानदार सांगेल तेवढेच टाका. नवे पाणी पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट किंवा थंड असावे. उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी सरळ ओतू नका.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उन्हाळ्यात पेटीतले पाणी उडून जाते, पण क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस खारट आणि जड होत जाते. म्हणून भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. आधी नळीने काढा, मग भरा. गप्पी आणि मोली हे मासे जड पाणी बऱ्यापैकी सोसतात, म्हणून आपल्याकडे तेच पाळावेत. एप्रिल-मेमध्ये पेटीवर ऊन येऊ देऊ नका. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीज गेली तर मगाने पेटीतलेच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे.

आणखी चार गोष्टी. खाद्य दिवसातून दोनदा, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. तळाची निम्मी घाण जास्तीच्या खाद्याची असते. पाणी काढलेली बादली ओतण्यापूर्वी उजेडात नीट बघा, बारीक पिल्ले नळीतून आलेली असतात. हाताला कोयत्याची, विळ्याची ताजी जखम असेल तर पेटीत हात घालू नका. त्या पाण्यातून कातडीचा चिवट आजार होऊ शकतो. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. आणि मासे नकोसे झाले तर नदीत, तलावात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे आहेत. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते हौदात सोडतात, ते वेगळे. वाहत्या नदीत परका मासा गेला तर तिथल्या माशांच्या तोंडचा घास जातो. त्यापेक्षा शेजाऱ्याला द्या.

आमच्या बरणीतले ते दोन मासे पुन्हा पेटीत गेले. गुरुजींनी पाहून सांगितले, दोन्ही माद्या आहेत. नातू हिरमुसला. आता वंश कसला वाढतो? पण गप्पीची मादी नराचे बीज अंगात कित्येक महिने सांभाळून ठेवते, हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. जानेवारीत एका सकाळी तो ओरडतच उठला. वाळूजवळ, वनस्पतीच्या आडोशाला, जिऱ्याएवढी पिल्ले फिरत होती. त्या दिवसापासून शनिवार त्याने एकदाही चुकवला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी तो पेन्सिलीने नळीचे चित्र काढतो.

भीमजयंतीच्या आठ दिवस आधी गाडी परत आली. सून हातपाय धुऊन पेटीसमोर बसली. "किती वाढले रं!" म्हणाली. मी काही बोलले नाही. पोराने जरा वेळ घेतला, मग म्हणाला, "आई, पहिले सात मेले होते. मी साबणाने धुतलं म्हणून. फोनवर खोटं बोललो." सुनेने त्याला जवळ ओढले. तिच्या तळव्यांना कोयत्याचे घट्टे पडले होते. ती म्हणाली, "मलाबी तिकडं ताप आला होता. मीबी फोनवर छान हाय म्हणाले." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दाव बरं, नळी कशी लावतोस ते."

तो वार काही शनिवार नव्हता. पण त्या दिवशी आमच्या घरी पेटी साफ झाली.